महिन्याला एक डबा: घरच्या बायोडिझेलसाठी तळणाचं तेल कसं मिळवावं

आधी हिशेब करा, मग डबा उचला. माझं पाच हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. लाइट नसते तेव्हाच ते चालवतो, म्हणजे महिन्याला 60 तास धरा. त्यात बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलापासून केलेलं डिझेलसारखं इंधन, 20 टक्के, बाकी पंपावरचं डिझेल. म्हणजे लागलं 12 लिटर. गाळात, धुण्यात जातं ते धरून 15 लिटर तेल पुरे, म्हणजे पत्र्याचा एक डबा. आयटीआयमध्ये पोरांना डिझेल मेकॅनिक शिकवताना असले हिशेब मी फळ्यावर करून दाखवायचो. निवृत्त झाल्यावर स्वतः मात्र 200 लिटरचं पिंप आणून ठेवलं आणि मिळेल ते तेल त्यात ओतत सुटलो. वड्याचं, माशाचं, चिकनचं, सगळं एकात. तीन महिन्यांनी झाकण उघडलं तर शेजारचा विचारायला आला, काय मेलंय का म्हणून. त्या पिंपातून बायोडिझेल निघालंच नाही, नुसता साबण झाला.

तेव्हा पहिली गोष्ट, एका डब्यात एकाच ठिकाणचं तेल. डब्यावर खडूने ठिकाण आणि तारीख.

आता कुणाकडे जायचं. मोठ्या हॉटेलांच्या नादी लागू नका. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्याला त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल मान्यताप्राप्त गोळा करणाऱ्यांनाच द्यावं लागतं. तेलातली टीपीसी, म्हणजे तळून तळून तयार होणारी खराब द्रव्यं, 25 टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी बाद, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. तुमच्याआमच्यासारख्याला उरतात ते लहान लोक.

वडापावची गाडी सगळ्यांना आधी सुचते. मलाही सुचली होती. पण गाडीवाला तेल टाकून देत नाही, कमी झालं की वरून नवीन ओततो. तुमच्या हातात येतं ते कढईच्या बुडाचं, काळं, बेसनाच्या चुऱ्याने दाट झालेलं. फरसाणाच्या भट्टीवर उलट अडचण. शेव, पापडी तेल पिऊन घेतात, कढईत सारखं ताजं पडत राहतं, त्यामुळे तेल चांगलं असतं पण उरतच नाही. चिकन तळणाऱ्याचं तेल मी फुकटातही घेत नाही. त्यात पाणी, चरबी, मसाला आणि लाल रंग, सगळं उतरलेलं असतं.

माझा माणूस म्हणजे लग्नाचा आचारी. पुऱ्या आणि भजी एका दिवसात तळून होतात, कढईत चारपाच किलो तेल उरतं आणि ते जेमतेम एकदाच तापलेलं असतं. फक्त एक पथ्य पाळा. त्या तेलावर आधी तिथल्या कामकरी बायकांचा हक्क असतो, कुणी घरी नेणार असेल तर त्यात तोंड घालू नका. त्यांचं झाल्यावर उरेल ते मागा. शिवाय आचाऱ्याचं तेल बारमाही नाही. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, मंगल कार्यालयं थंड. तेव्हा मेमध्येच दोन डबे जास्तीचे भरून ठेवतो. आषाढात घरोघरी कापण्या तळतात, दिवाळीत फराळ, पण घराघरातून पाव पाव लिटर जमवत फिरण्यात पायाचे तुकडे पडतात. ओळखीची एखादी खाणावळ धरून ठेवा, ती बारा महिने चालू असते.

व्यवहाराचं बोलतो. रिकामा पत्र्याचा डबासुद्धा भंगारात पैसे देतो, म्हणून त्याचा डबा त्याला परत करायचा. मी स्वतःचा झाकणाचा कॅन, नरसाळं आणि गाळणी घेऊन जातो, आणि तेल पूर्ण निवल्यावरच. गरम तेलाने प्लॅस्टिकचा कॅन बसतो, माझा बसलाय. भाव किलोत ठरलाय की लिटरमध्ये हे आधी विचारा. 15 किलो तेल म्हणजे सव्वासोळा लिटरच्या आसपास, आणि 15 लिटर म्हणजे पावणेचौदा किलोच्या आसपास. ठरलेल्या दिवशी जायचंच. एकदा चुकलात की तुमचा डबा दुसऱ्याच्या टेम्पोत, आणि तो कदाचित ते तेल परत कुणाच्या तरी कढईत नेऊन ओतेल.

‘काळं तेल आहे का’ असं मात्र विचारू नका. मी विचारलं होतं, तर खाणावळीच्या पोराने शेजारच्या गॅरेजमधून गाडीचं जळकं ऑइल कॅनभर आणून दिलं! ते खनिज तेल, त्याचं बायोडिझेल होत नाही, आणि एक लिटर पडलं तरी अख्खा डबा बाद. ‘तळणाचं तेल’ म्हणा.

घेण्याआधी तपासायचं कसं? नाकाने अर्धं काम होतं. खवट, घशाला लागणारा वास आला की नको म्हणा. नंतर पाणी. तवा चांगला तापवून त्यावर दोनतीन थेंब टाका, लांब उभं राहून. गप्प पसरलं तर ठीक, तडतडलं तर पाणी आहे. थोडं पाणी असेल तर मांजरपाटातून गाळून डबा पंधरा दिवस उन्हात उभा ठेवायचा, पाणी आणि गाळ खाली बसतो, वरचं काढून घ्यायचं. थंडीत डबा लोण्यासारखा गोठला तर ते पामतेल समजा. चालतं, पण त्याचं बायोडिझेलही थंडीत घट्ट होतं, म्हणून ते उन्हाळ्यात वापरून टाका. सोयाबीन, शेंगदाणा त्या मानाने गुणी. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर डिझेल इंजिन चालवून दाखवलं होतं, हे मी पोरांना सांगायचो तेव्हा त्यांना खोटं वाटायचं.

खरी परीक्षा आंबटपणाची. बायोडिझेल करताना तेलात कॉस्टिक सोडा घालावा लागतो, आणि तेल जितकं आंबट तितका तो जास्त लागतो. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा विरघळवा. हातमोजे, चष्मा घालून. वेगळ्या बाटलीत 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात 1 मिली तेल आणि अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या हळदीचे दोनतीन थेंब. बाटली गरम पाण्यात धरून हलवा, गॅसवर नाही. आता सोड्याचं पाणी सिरिंजने थेंबथेंब सोडा. चुना लागला की हळद लाल होते, तसंच. लाली दहापंधरा सेकंद टिकली की थांबा आणि किती मिली गेलं ते लिहा. दोनच्या आत आलं तर त्या माणसाला सोडू नका. चारपर्यंत काम भागतं. सहाच्या पुढे गेलं तर मी डबा परत करतो, कारण तेवढा सोडा घातला की साबणच जास्त. हाच आकडा पुढे प्रत्येक लिटरमागे किती ग्रॅम सोडा जास्तीचा घालायचा ते सांगतो.

पुढची क्रिया इथे सांगत नाही. तिच्यात 10 लिटर तेलाला 2 लिटर मिथेनॉल लागतं. ते विष आहे, डोळे नेतं, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही आणि त्याला परवाना लागतो. माझा भाचा रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, ते काम तो शेडमध्ये करतो, घरात नाही. मी फक्त तेल आणतो. सध्या माझ्या वहीत तीन नावं आहेत: एक आचारी, आकडा दीड. एक खाणावळ, तीन. आणि एक भजीवाला, जो गेल्या महिन्यात पाचवर गेलाय. परवा त्याला कढई कधी धुतली होती ते विचारलं, तर हसला. या महिन्यात त्याचा डबा घेतलेला नाही.