अवतरणांवरून कादंबरीचं आशयसूत्र कसं शोधावं

‘एकटेपणा’ हे आशयसूत्र नव्हे, तो नुसता विषय झाला. एकटेपणाबद्दल कादंबरी काय म्हणते ते आशयसूत्र, आणि ते पूर्ण वाक्यातच मांडता येतं.

पहिल्या वाचनात समासात पेन्सिलने खूण करा आणि पुढे चला. एखादी वस्तू किंवा शब्द पुन्हा डोकावतो, पात्र स्वतःचंच आधीचं बोलणं फिरवतं, निवेदक घटना सांगता सांगता रेंगाळतो, अशा जागा हेरा. सुविचारासारखी चमकदार वाक्यं मात्र जपून घ्या. ती कुठल्याही कादंबरीत खपून जातात.

दुसऱ्या वाचनात त्यांतली ८-१० अवतरणं ठेवा. सगळी सुरुवातीच्याच प्रकरणांतली निघाली, तर पुढचं वाचन घाईत झालंय असं समजा. प्रत्येकापुढे पान क्रमांक, कोण बोलतं, कोणाशी, आणि नुकतंच काय घडलं ते लिहा. हा शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात, आणि अर्थ तिथेच असतो.

समजा, तिसऱ्या प्रकरणात बाप मुलीला म्हणतो, ‘कडी लागत नाही, उद्या बघू.’ साधी चालढकल. शेवटच्या प्रकरणात मुलगी घर सोडून गेलेली आहे. शेजारी कडी दुरुस्त करून द्यायला येतो, तेव्हा बाप म्हणतो, ‘कडी लागते. मी लावत नाही.’ ‘लागत’चं ‘लावत’ झालं, एका अक्षराचा फरक. मुलगी परत आली तर दार उघडं असावं, म्हणून तो कडी लावत नाही. ही दोन वाक्यं शेजारी मांडली की कच्चं सूत्र हाती येतं: ‘तोंडाने सांगता न येणारं प्रेम सवयींत उतरतं.’

आता याच्या विरोधात जाणारं अवतरण मुद्दाम शोधा. बाप मधेच कुठे मुलीला मनातलं उघड बोललेला सापडला, तर ते लपवू नका, सूत्र बदला: ‘सांगता न येणारं’च्या जागी ‘वेळेवर न सांगितलेलं’. बहुतेक वेळा हे दुसरं वाक्यच जास्त नेमकं निघतं.

पात्राचं मत म्हणजे कादंबरीचं मत, ही सर्वांत मोठी चूक. पात्र खोटं बोलतं, उपरोधाने बोलतं, स्वतःला फसवतं. त्याच्या म्हणण्याला पुढच्या घटना दुजोरा देतात की तोंडघशी पाडतात, ते तपासा. अवतरण छाटतानाही सांभाळा: ‘मी लावत नाही’ एवढंच ठेवलंत, तर ‘कडी लागते’ ही कबुलीच गळाली.