पार्ट एल शिकताना: ५५ अंशांचा हिशेब

इंग्लंडमध्ये घरांच्या ऊर्जा-हिशेबाचं काम शिकायला लागलात की हातात पडतो ‘पार्ट एल’, बांधकाम नियमांतला इंधन आणि वीज वाचवण्याचा भाग. १५ जून २०२२ पासून तो बदलला. नव्या घराचं कार्बन उत्सर्जन २०१३च्या नियमांपेक्षा साधारण ३१ टक्क्यांनी कमी हवं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी अडले ते दुसऱ्याच कलमापाशी: नवी हीटिंग बसवताना, शक्य तिथे, रेडिएटरकडे, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलकडे, जाणारं गरम पाणी ५५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम न करता घर ऊबदार राहील असा आराखडा हवा.

पहिल्या हिशेबात मी रेडिएटरचे वॅट कॅटलॉगमधून सरळ उचलले. वरिष्ठांनी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतल्या ‘डेल्टा टी ५०’वर बोट ठेवलं. म्हणजे रेडिएटर खोलीपेक्षा सरासरी ५० अंशांनी गरम असेल, तरच ते वॅट मिळणार. आता पाणी ५५ अंशांवर आत आणि ४५वर बाहेर, म्हणजे सरासरी ५०. खोली २० अंशांची. फरक उरला ३०. या फरकाला १००० वॅटचा रेडिएटर जेमतेम ५०० वॅट देतो. माझ्या हिशेबातली प्रत्येक खोली थंड राहिली असती!

हा त्रास घ्यायचा कशाला? पाणी जितकं कोमट, तितका हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र) कमी विजेत जास्त उष्णता देतो. धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरलाही परतीचं पाणी गार लागतं, नाहीतर ती उष्णता वायाच जाते. म्हणून रेडिएटर मोठे घ्या, पण त्याआधी घरातून निसटणारी उष्णता अडवा.

ती कुठून निसटते हे साइटवरच कळतं. एका घरात छत भिंतीला टेकतं त्या कोपऱ्यात इन्सुलेशनच्या (उष्णता अडवणाऱ्या थराच्या) दोन पाट्यांमध्ये बोटभर फट होती. कागदावर भिंतीची यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता निसटते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) ०.१८ होती, पण फटीत हात धरला तर गार वारा लागत होता. आता नव्या घरात असे सांधे झाकण्याआधी फोटो काढावे लागतात, तारीख, वेळ आणि ठिकाणाच्या नोंदीसह. हवेच्या गळतीची चाचणीही नमुन्यापुरती नाही, प्रत्येक घराची होते.

नवीन असाल तर प्लास्टरबोर्ड, म्हणजे हे सांधे आतून झाकणारे तक्ते, कधी लागणार हे साइटवरच्या माणसाला आठवडाभर आधी विचारून ठेवा. बोर्ड लागल्यावर फोटो मिळत नाही. आणि निघण्यापूर्वी फोनमधलं लोकेशन चालू आहे ना, ते बघा.