बेळगावच्या परसात स्नॅपड्रॅगन

रोपवाटिकांत डॉग फ्लॉवर किंवा अँटिर्‍हिनम या नावाने मिळणारे स्नॅपड्रॅगन मूळचे भूमध्य सागराकाठचे आणि थंडीत खुलणारे असल्याने बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत त्याच्या पेरणीचे गणित मार्चच्या उन्हापासून मागे मोजत करावे लागते. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण तीन ते साडेतीन महिने जातात. म्हणून दसऱ्याच्या सुमारास, परतीच्या पावसाचा मार लागणार नाही अशा आडोशाला बी टाकावे.

हे बी तपकिरीसारखे बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे 6,000 दाणे भरतात. ते चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून, कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत भरलेल्या ट्रेवर भुरभुरावे. घटातल्या धान्यासारखे मात्र ते मातीआड करू नये, कारण उजेड मिळाला तरच ते नीट उगवते. झारीने पाणी घातल्यास बी वाहून एका कोपऱ्यात जमते. त्याऐवजी ट्रे परातभर पाण्यात टेकवून खालून ओल चढू द्यावी. दहा ते चौदा दिवसांत अंकुर दिसतात. त्यानंतरही ट्रे सतत चिंब राहिला, तर कोवळी रोपे बुंध्याशी कुजून आडवी पडतात.

रोप बोटभर उंच झाले, की पानांच्या तिसऱ्या जोडीच्या वर शेंडा खुडावा. हे करताना हात आखडतो, आणि बहरही थोडा लांबतो. पण न खुडलेल्या रोपाला एकच दांडा येतो, खुडलेल्याला चार-पाच.

लागवडीसाठी किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी आणि दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. खानापूरकडील तांबड्या मातीत शेणखत भरपूर घालावे. चिकोडी-अथणीकडील काळ्या मातीत पाणी साचू नये म्हणून गादीवाफा करावा. उंच जातींना कारवीच्या काठीचा आधार द्यावा.

या झाडाचा खरा वैरी तांबेरा. पानाच्या पाठीवर तपकिरी पुटकुळ्या दिसताच ते पान काढून जाळावे, आणि पाणी सकाळी, केवळ बुंध्याशी द्यावे.

सुकलेला तुरा कापत राहिल्यास नवे दांडे येतात. एखादा तुरा मात्र राखावा: वाळलेल्या बोंडाला वरच्या बाजूस तीन भोके पडून ते इवल्याशा कवटीसारखे दिसते, आणि पुढच्या दसऱ्याचे बी त्याच भोकांतून कागदावर झटकून घेता येते.