गृहउद्योगाचे नाव बदलायचे असेल तर

व्यवसायाचे नाव बदलण्याचा विचार बहुधा विक्री मंदावली की मनात येतो, आणि हा निर्णय घेण्यासाठी ती सर्वांत वाईट वेळ असते. मसाल्याला पूर्वीसारखा वास येत नसेल, भाव वाढला असेल किंवा किराणा दुकानदाराकडे माल वेळेवर पोहोचत नसेल, तर नव्या नावाने यांपैकी काहीच सुधारत नाही. उलट जुन्या नावाच्या ओढीने येणारे गिऱ्हाईकही बिचकते. म्हणून आधी माल, भाव आणि वितरण नीट तपासावे आणि ते ठीक असूनही नावच आड येत असेल, तरच पुढचा विचार करावा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. साताऱ्यातील एक भगिनी पंधरा वर्षे ‘श्री गणेश गृहउद्योग’ या नावाने कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे विकत आहेत. गावात सगळे त्यांना ओळखतात, पण पुण्यातील दुकानात त्याच नावाची आणखी दोन पाकिटे शेजारी मांडलेली असतात आणि त्यांच्या मालाची तारीफ ऐकून आलेले गिऱ्हाईक भलतेच पाकीट घेऊन जाते. हे नाव बदलण्याचे खरे कारण आहे. युटीआय बँकेने २००७ मध्ये ॲक्सिस बँक हे नाव घेतले, त्यामागेही ‘युटीआय’ ही अक्षरे इतर संस्थाही वापरत होत्या हेच कारण होते. दुसरे खरे कारण म्हणजे नाव व्यवसायाला अपुरे पडणे: नावात ‘पापड’ आहे आणि निम्मी विक्री मसाल्यांची आहे. तिसरे कारण भागीदारी किंवा एकत्र कुटुंबाचा व्यवसाय विभागला जाणे. केवळ बोधचिन्ह जुनाट दिसते, हे मात्र नाव बदलण्याचे कारण नव्हे. त्यासाठी अक्षरांचे वळण सुधारले तरी पुरते.

निर्णयापूर्वी महिनाभर एक वही ठेवावी आणि गिऱ्हाईक माल कोणत्या शब्दांत मागते ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. दोन-तीन ओळखीच्या दुकानदारांनाही तशी विनंती करावी. ‘त्या ताईंचा लाल पाकिटातला मसाला द्या’ असे दहांपैकी सात जण म्हणत असतील, तर तुमची ओळख नावात नसून लाल रंगात आणि त्या ताईंच्या हातच्या चवीत आहे. मग नाव खुशाल बदलावे, पण लाल रंगाला हात लावू नये. अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचे वेष्टन २००९ च्या आरंभी पूर्ण बदलले गेले तेव्हा नाव तेच होते, तरीही ग्राहकांना ते ओळखू येईना, आणि काही आठवड्यांतच कंपनीला जुने वेष्टन परत आणावे लागले. माझ्या मते ही वही कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक उपयोगी आहे.

नवे नाव निवडताना ते मालाचे वर्णन करणारे नसावे. ‘चविष्ट’ किंवा ‘घरगुती’ यांसारखे शब्द कोणीही वापरू शकतो, त्यामुळे केवळ अशा शब्दांची ट्रेडमार्क म्हणून, म्हणजे आपल्या मालाची कायदेशीर ओळख म्हणून, नोंदणी होणे अवघड असते. नाव देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिपींत लिहून पाहावे, कारण नावात ‘ळ’ असेल तर रोमन लिपीत त्याचा ‘ल’ होतो आणि महाराष्ट्राबाहेरचा वाचक नाव वेगळेच उच्चारतो. रोमन स्पेलिंग एकच ठरवावे आणि ते सगळीकडे पाळावे.

पाटी रंगवण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. हा शोध विनामूल्य असतो. केवळ तेच नाव नव्हे, तर उच्चाराने जवळ जाणारी नावेही पाहावीत. नोंदणी वर्गांनुसार होते: मसाले आणि चटण्या तिसाव्या वर्गात येतात, तर लोणचे एकोणतिसाव्या वर्गात, म्हणून वरील भगिनींना दोन्ही वर्गांचा विचार करावा लागेल. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षे टिकते आणि तिचे नूतनीकरण करता येते.

त्यानंतर कागदपत्रांचे काम येते, आणि ते पाकिटे छापण्याच्या आधी सुरू व्हावे. जीएसटीमधील व्यापारी नाव बदलल्यास १५ दिवसांच्या आत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. अन्न परवान्यावरील आणि उद्यम नोंदणीतील (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीतील) नाव, बँकेचे चालू खाते, भागीदारी असल्यास निबंधकाकडील नोंद, आणि यूपीआयच्या क्यूआर कोडवर दिसणारे नाव हे सगळे जुळले पाहिजे. पैसे देताना पडद्यावर अनोळखी नाव आले की गिऱ्हाईक थबकते. नव्या नामफलकाबाबत हेही ध्यानात असावे की २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी फलक बंधनकारक आहे, आणि ही अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत.

खर्चाचा मोठा भाग पाटीवर होत नाही, तो पाकिटांवर होतो. छापील पाकिटांसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर (छपाईचा रूळ) करावा लागतो आणि छपाईवाला ठरावीक वजनापेक्षा कमी पाकिटांची मागणी घेत नाही, म्हणून जुन्या पाकिटांचा साठा किती महिने पुरेल याचा हिशेब करून नव्या पाकिटांची मागणी द्यावी. गुढीपाडव्याचा मुहूर्त मनाला पटतो, पण मसाल्याच्या धंद्यात तो ऐन हंगामात येतो आणि तेव्हा दुकानदाराला नवे नाव समजावून सांगायला कोणालाच सवड नसते. पावसाळ्यात तयारी करून दसऱ्याला बदल करावा, हे मला अधिक योग्य वाटते.

पाकिटावर ‘पूर्वीचे श्री गणेश गृहउद्योग’ ही ओळ ठळकपणे ठेवावी. नाव बदललेल्या कंपनीने २ वर्षे जुने नावही सोबत दाखवावे असे कंपनी कायदा सांगतो. गृहउद्योगाला हे बंधन नाही, पण तेवढाच काळ आपणही धरावा. दूरध्वनी क्रमांक बदलू नये. गुगलवरील नोंद नव्याने न करता जुन्याच नोंदीत नाव बदलावे, म्हणजे आधीचे अभिप्राय टिकतात. नेहमीच्या दुकानदारांना मात्र स्वतः जाऊन भेटावे, जुने आणि नवे पाकीट शेजारी ठेवून दाखवावे, आणि पहिल्या महिन्यात नवा माल जुन्याच फळीवर, जुन्याच जागी मांडण्याची विनंती करावी.