मोरी तुंबली? ॲसिड ठेवा, स्प्रिंग काढा

मोरी तुंबली की हात आधी ॲसिडच्या बाटलीकडे जातो. पण मोरी तुंबते ती केसांनी आणि साबणाच्या चिकट्याने. संडास धुवायच्या ॲसिडने केस काही विरघळत नाहीत, फरशीच्या सांध्यातलं सिमेंट मात्र जातं. हार्डवेअरच्या दुकानात हाताने फिरवायची ड्रेन स्प्रिंग मिळते, म्हणजे पाइपमध्ये सारून अडकलेला बोळा ओढून काढायची लांब, लवचीक, हँडलवाली तार. फ्लॅटच्या बाथरूमला सहसा तीन मीटरची पुरते.

ॲसिड आधीच ओतून झालं असेल, तर स्प्रिंग घालू नका, शिंतोडे डोळ्यांत उडतात. त्यावर ब्लीच तर अजिबात नको, क्लोरीन वायू सुटतो. प्लंबर बोलावलात तर काय ओतलंय ते त्याला सांगा.

हातमोजे घाला, जाळी काढा. खाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साठून राहिलेल्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. बऱ्याच ट्रॅपमध्ये एक उपडा कप असतो, तो उचला आणि त्याच्याभोवतीचे केस काढा. बरेचदा काम इथेच आटोपतं.

नाहीच आटोपलं, तर स्प्रिंगचं टोक पाइपमध्ये सारा. मोकळी स्प्रिंग तोंडाशी वीतभरच ठेवा, जास्त ठेवलीत तर ती तिथेच पिळा खाते. अडलं की जोर लावू नका, हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवा. पाइपचं वळण टणक लागतं, फिरवत राहिलं की स्प्रिंग त्यातून सरकते. बोळा मऊ लागतो, ढकलला की दबतो आणि परत येतो. तो टोकात अडकला की हँडल जड होतं. आता त्याच दिशेने फिरवत सावकाश ओढा. उलटं फिरवलंत तर हाती आलेला बोळा सुटून पुन्हा आत जाईल. काळा, बुळबुळीत, शेपटासारखा लांब ऐवज बाहेर येतो, त्यासाठी जुनी बादली आधीच जवळ हवी. तो पुन्हा मोरीत धुऊ नका, कचऱ्यात टाका.

मग गीझरचं गरम पाणी बादलीभर ओता. उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. कप परत बसवा, स्प्रिंग पुसून वाळवा, तेलाचा हात फिरवा.

स्प्रिंग पूर्ण आत जाऊनही पाणी उतरत नसेल, किंवा वरच्या मजल्यावर नळ सोडला की तुमच्या मोरीत पाणी चढत असेल, तर चोकअप बिल्डिंगच्या लाइनमध्ये किंवा चेंबरमध्ये आहे. ते काम सोसायटीचं, सेक्रेटरींना फोन करा.