परदेशी निघताय? कार्ड अन् पैशाची तयारी नागपुरात असतानाच उरका

निघायच्या महिनाभर आधी घरातली सगळी कार्डं टेबलावर काढून ठेवा अन् एकेकाची एक्सपायरी बघा. परत यायच्या तारखेच्या पुढे निदान दोन महिने तरी कार्ड चालत असलं पाहिजे. नसेल तर आजच नवीन मागवा, काहून की नवीन कार्ड येणार मनीष नगरच्या पत्त्यावर अन् तुम्ही असाल सिंगापूरला, मग ते आलं काय अन् नाही आलं काय. एक्सपायरी बघून झाली की कार्डावरचं चिन्ह बघा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर बहुतेक सगळीकडे चालतं. रुपे असेल तर मात्र बँकेत विचारूनच घ्या, कारण साधं रुपे डेबिट कार्ड फक्त देशातल्या देशात चालणारं असू शकतं, अन् जे इंटरनॅशनल रुपे असतं ते बाहेर डिस्कव्हर अन् डायनर्स क्लबच्या नेटवर्कवर चालतं, म्हणजे दुकानदाराकडे ते घेत असतील तरच. पेन्शनच्या खात्यावर बरेचदा रुपेच मिळालेलं असतं अन् आपले काका-काकू तेवढं एकच कार्ड पर्समध्ये टाकून मुलाकडे निघतात, म्हणून हे आधी लिहून राहिलो.

कार्ड असणं अन् कार्ड चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर अन् दुकानातल्या मशीनवरच चालेल, परदेशातला वापर, ऑनलाइन अन् टॅप करून पैसे देणं हे ज्याचं त्याने चालू करायचं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, तिथे इंटरनॅशनलचं बटण असतं, अन् ते चालू केलं म्हणजे काम झालं असं नाही. त्याच्या खाली एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप अशी वेगवेगळी बटणं असतात अन् प्रत्येकाला आपापली लिमिट असते. बटण चालू पण लिमिट शून्यावर किंवा पाच हजारावर अडकलेली, हा प्रकार फार होतो. हॉटेलवाला डिपॉझिट घ्यायला जातो, मशीन डिक्लाइन म्हणतं, अन् माणूस घाबरतो की खातंच बंद पडलं. तर एटीएम अन् दुकान चालू ठेवा, लिमिट रोजच्या खर्चापेक्षा थोडी जास्त ठेवा, अन् इंटरनॅशनल ऑनलाइन मात्र बंदच ठेवा, तिकीट-हॉटेल बुक करायचं तेवढ्यापुरतं उघडा अन् लगेच बंद करा. कारण बाहेरच्या बऱ्याच वेबसाइट ओटीपी मागत नाहीत, कार्डाचा नंबर, तारीख अन् मागचे तीन आकडे मिळाले की त्यांचं काम होतं.

पिन सुद्धा आताच तपासा. डेबिटचा पिन सगळ्यांना पाठ असतो, क्रेडिट कार्डाचा कोणालाच आठवत नाही, अन् युरोपात रेल्वेच्या तिकिटाच्या मशीनवर, पार्किंगच्या खांबावर तोच मागतात, तिथे सही घ्यायला कोणी बसलेलं नसतं. सीताबर्डीला कुठल्याही दुकानात एकदा क्रेडिट कार्ड घालून पिन टाकून शंभर रुपयाची वस्तू घ्या, म्हणजे खात्री होते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे तुमचं सिम. बँकेची सगळी कामं, ॲपचं लॉगिन, पैसे पाठवणं, कार्ड ब्लॉक करणं, हे सगळं त्या एका मोबाइल नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर टांगलेलं आहे. तिकडे उतरल्यावर आपलं सिम काढून तिथलं टाकलं की तुम्ही तुमच्याच खात्याच्या बाहेर राहता. म्हणून आधी बघा बँकेत कोणता नंबर आहे, बरेचदा तो मुलाचा असतो किंवा जुना बंद पडलेला असतो. तो बदलायला शाखेत फॉर्म भरावा लागू शकतो, दोन-चार दिवस जातात, अन् धंतोलीतल्या शाखेत जाणं आज सोपं आहे, फ्रँकफर्टहून अशक्य आहे. मग इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या. प्रीपेड असेल तर रिचार्जची मुदत परतायच्या तारखेच्या पुढची हवी, कारण मुदत संपली की मेसेज येणंही बंद होऊ शकतं अन् मग नेमक्या वेळी ओटीपी येत नाही. साधारणपणे रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला पैसे लागत नाहीत, तरी कंपनीला विचारून घ्या. सगळ्यात सोपी सोय अशी की आपलं सिम फोनमध्येच राहू द्यायचं, त्याचं डेटा रोमिंग बंद, अन् नेटसाठी तिथलं ई-सिम. फोन नवीन घ्यायचा विचार असेल तर जायच्या आठवडाभर आधी नको, कारण फोन बदलला की बँकेचं ॲप अन् यूपीआय परत रजिस्टर करावं लागतं अन् त्यासाठी याच सिमवरून मेसेज जावा लागतो. केवायसी बाकी असल्याचे मेसेज येत असतील तर तेही उरकून टाका, तुम्ही बाहेर असताना खात्यावर अडकण लागली तर सोडवणार कोण?

कोणतं कार्ड कशाला, हे ज्याने त्याने हिशोबाने ठरवावं. साध्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर परदेशात खर्च केला की बँक मार्कअप लावते, म्हणजे करन्सीच्या भावावर आपले वरचे पैसे घेते, बहुतेक ठिकाणी २ ते ३.५ टक्के, अन् त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १ लाखाच्या खर्चावर साडेतीन टक्के धरले तर ३,५०० अन् वर ६३० जीएसटी, एकूण ४,१३० रुपये नुसते जास्तीचे गेले. मार्कअप नसलेली कार्डं आता मिळतात, एखादं आधीच काढून ठेवलं तर एका ट्रिपमध्ये फरक कळतो. क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश मात्र काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं अन् वरून कॅश काढायची फी वेगळी.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकी करन्सी आधीच भरून न्यायचं कार्ड, चांगलं, भरतानाच भाव पक्का होतो, फक्त त्यात ज्या देशात जाता त्याचीच करन्सी भरलेली पाहिजे. डॉलर भरून युरोपात वापरलं तर दर वेळी क्रॉस करन्सीची फी कापली जाते. दुबई-शारजाला जाणाऱ्यांनी एवढ्याने घाबरू नये, दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, त्यामुळे डॉलरच्या नोटा घेऊन गेलात तर तिथे भाव खाली-वर होण्याची भीती नाही. कार्डात मात्र दिरहमच भरा, फी वाचते. व्हिएतनामचा डोंग बहुतेक फॉरेक्स कार्डांत भरताच येत नाही, तिथे मार्कअप नसलेलं डेबिट कार्ड अन् थोडी कॅश हेच बरं पडतं. अन् व्हिएतनामचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो, २० हजाराची नोट अन् ५ लाखाची नोट दोन्ही निळसर असतात, संध्याकाळी टॅक्सीत दिव्याच्या उजेडात पटकन ओळखू येत नाहीत. पाकिटात त्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवा, एकाची दुसरी दिली तर पंचवीस पट गेले.

यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. भूतान, नेपाळ, सिंगापूर, यूएई, मॉरिशस, श्रीलंका, फ्रान्स अशा काही ठिकाणी दुकानात चालतं, पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटापासून २०२४ मध्ये सुरुवात झाली, पण आपल्याकडे चहाच्या टपरीवर सुद्धा चालतं तसं तिथे नाही. शिवाय ॲपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल वेगळं चालू करावं लागतं. करून ठेवा, चाललं तर उत्तम.

कॅशचे नियम नीट समजून घ्या, इथे ऐकीव माहिती फार फिरते. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरइतकीच परकी करन्सी घेता येते, बाकीची कार्डात. भारतीय रुपये जाताना-येताना २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात, तेवढे असू द्या, रात्री परत उतरल्यावर टॅक्सीला लागतात. करन्सी घ्यायची ती लायसन असलेल्या मनी चेंजरकडून किंवा बँकेतून, पासपोर्ट, पॅन अन् तिकीट घेऊन जा, ५० हजाराच्या पुढची रक्कम रोखीने देता येत नाही, खात्यातून द्यावी लागते. पक्कं बिल मागा. जीएसटी असतो पण किरकोळ, १ लाखाच्या करन्सीवर १८० रुपये. सदर, रामदासपेठ, धरमपेठेत दोन-तीन ठिकाणी फोन करून भाव विचारा, अन् विचारताना आजचा भाव नको, तर "एवढे डॉलर पाहिजेत, सगळं धरून किती रुपये होतात" असं विचारा, मग लपवलेले चार्जेस आपोआप बाहेर येतात. हे विमानतळावर गेल्यावर करू नका, तिथे घाई असते अन् भाव विचारायला दुसरं दुकान नसतं. डॉलरच्या नोटा घेताना एकेक नोट बघून घ्या, फाटलेली, शाई लागलेली, जुन्या छपाईची नोट बऱ्याच देशांत घेत नाहीत. १०० डॉलरची २०१३ नंतरची नोट मधून निळी पट्टी असलेली, तीच मागा. काही छोट्या नोटाही घ्या.

वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची मुभा आहे, त्याला एलआरएस म्हणतात, फॉरेक्स कार्ड अन् डेबिट कार्डाचा खर्च त्यात धरतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखाच्या पुढच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापून घेतलेला टॅक्स, लागतो, फिरायला जाण्यासाठी पैसे घेतले तर तो २० टक्के आहे, टूर पॅकेजचे नियम वेगळे. क्रेडिट कार्डाने बाहेर असताना केलेला खर्च सध्या एलआरएसमध्ये धरत नाहीत, २०२३ च्या मे महिन्यात तो धरायचं ठरलं होतं, जूनच्या शेवटी ते पुढे ढकललं. टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरताना तो वळता करता येतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो, म्हणून मुलीची फी अन् आपली ट्रिप एकाच वर्षात येत असेल तर कोणाच्या पॅनवर काय जाणार हे आधी मांडून बघा. शिकायला एज्युकेशन लोन बँकेसारख्या मान्य संस्थेकडून असेल तर त्यातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस नाही.

मुलांना पैसे पाठवायचे असतील तर पहिली रक्कम छोटी पाठवा. युरोपात आयबीएएन (खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर) लागतो, अमेरिकेत अकाउंट नंबरसोबत राउटिंग नंबर (तिथल्या बँकेची ओळख, आपल्या आयएफएससीसारखी), अन् दोन्हीकडे बँकेचा स्विफ्ट कोड (बँकेचा आंतरराष्ट्रीय कोड). खातेदाराचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, एक अक्षर चुकलं तरी पैसे मध्येच थांबून राहू शकतात. पैसे बाहेर पाठवताना बँकेत फॉर्म ए-२ भरावा लागतो, त्यात कशासाठी पाठवता ते खरं लिहा. चार्जेस कोण देणार हा रकाना असतो, फी भरताना पूर्ण चार्जेस आपण देणार असंच निवडा, नाहीतर मधल्या बँका आपापलं कापून घेतात अन् युनिव्हर्सिटीत वीस-पंचवीस डॉलर कमी पोचतात, अन् तेवढ्यासाठी ॲडमिशनवाले मेल पाठवून राहतात. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी पाठवा, दुसरा-चौथा शनिवार, रविवार अन् तिकडची सुट्टी सगळं मध्ये येतं. जर्मनीला जाणाऱ्या मुलांच्या ब्लॉक्ड अकाउंटसाठी (राहण्या-खाण्याचा खर्च व्हिसासाठी आधीच जमा करायचं खातं) तर जास्तच वेळ हातात ठेवा, सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे अन् ती पूर्ण जमा झाल्याशिवाय व्हिसाचं पुढे सरकत नाही.

तिकडे पोचल्यावर एकच गोष्ट घट्ट लक्षात ठेवायची. दुकानदार मशीन पुढे करेल, त्यावर दोन रक्कमा दिसतील, एक तिथल्या करन्सीत, एक रुपयांत. रुपयांतली ओळखीची वाटते म्हणून बोट तिकडेच जातं. ती दाबायची नाही. त्यात त्यांचा वाढवलेला भाव असतो, अन् वरून आपली बँकही मार्कअप लावू शकते. नेहमी तिथलीच करन्सी निवडा, एटीएमवर सुद्धा कन्व्हर्जन नको हेच दाबा. थायलंडला परक्या कार्डावर एटीएम दर वेळी दोनशेवर बाट फी घेतं, मग रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढा. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर परकी कार्डं चालतात. हॉटेलचं अन् भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट क्रेडिट कार्डावरच द्या, फॉरेक्स कार्डावर दिलं तर तेवढे पैसे चेक-आउटनंतरही कितीतरी दिवस अडकून राहू शकतात अन् तुमच्या खाण्याफिरण्याचे कमी पडतात. अमेरिकेत पेट्रोल पंपावर मशीन झिप कोड (तिथल्या पत्त्याचा पिन कोड) मागतं, आपल्या कार्डाला तो नसतो, सरळ आत जाऊन काउंटरवर पैसे द्या.

दोन कार्डं दोन वेगळ्या बॅगांत, नवरा-बायको असाल तर एकेकाकडे एकेक, चेक-इनच्या सामानात एकही नाही. एका कागदावर बँकेचा +९१ पासून सुरू होणारा नंबर लिहून ठेवा, कार्डामागचा १८०० वाला टोल-फ्री बाहेरून लागेलच असं नाही. फोनमध्ये तर ठेवाच, पण कागदावरही, कारण फोन अन् पाकीट एकदमच जातात. त्या कागदावर कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरेत, पिन नाही. कार्ड हरवलं की आधी ॲपमधून ब्लॉक, पोलिसांत नंतर. न केलेला व्यवहार दिसला अन् त्यात तुमची चूक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं की तुमच्यावर काही येत नाही, ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत येतं. पिन किंवा ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच, म्हणून तिकडे बँकेच्या नावाने फोन आला तर ठेवून द्या अन् कागदावरच्या नंबरला स्वतः लावा. फॉरेक्स कार्ड नेटबँकिंगवरून परत भरता येतं, ते घरबसल्या एकदा करून बघा.

परत आल्यावर इंटरनॅशनलचं बटण बंद करा, दोन महिने स्टेटमेंट बारकाईने बघा, डिपॉझिट सुटलं की नाही ते तपासा. उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यापेक्षा जास्तीच्या नोटा परत आल्यापासून १८० दिवसांत विकून टाकायच्या. फॉरेक्स कार्डातले उरलेले पैसे काढून घ्या, काही कार्डांवर न वापरल्याचीही फी लागते. अन् टीसीएस कापला असेल तर २६एएस मध्ये (आपल्या पॅनवर कापलेल्या टॅक्सचा सरकारी उतारा) तो दिसून राहिला का ते रिटर्न भरायच्या आधी बघा.