फुलपाखरांसाठी बडलिया
मूळचे चीनमधील बडलियाचे झुडूप मधासारख्या सुगंधाच्या जांभळ्या तुऱ्यांनी फुलपाखरांना ओढून घेते. त्यासाठी रोज किमान 6 तास थेट ऊन मिळणारी आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी जागा निवडावी, कारण मुळाशी पाणी साचले की ती कुजतात. पहिल्या वर्षी नियमित पाणी द्यावे. खत मात्र बेतानेच, अन्यथा पानेच माजतात.

खरे कौशल्य छाटणीत आहे. फुले नव्या फुटीवर येत असल्यामुळे, थंडी ओसरताना आणि नवे कोंब दिसू लागताच, झुडूप जमिनीपासून सुमारे 30 सेंटीमीटरवर निर्धास्तपणे छाटावे. हात आखडल्यास खालचा भाग उघडा पडतो. सुकलेले तुरे वेळीच खुडल्यास बहर लांबतो. शिवाय बीही पसरत नाही, आणि हे फार महत्त्वाचे आहे, कारण अनेक प्रदेशांत ही जात आक्रमक, म्हणजे बेसुमार पसरून स्थानिक झाडांना मागे सारणारी, ठरली आहे. तिथे वंध्य, म्हणजे बी न धरणारा वाणच लावावा.

कीटकनाशक अजिबात फवारू नये. बडलिया फुलपाखरांना मकरंद देते, परंतु बहुतेक सुरवंटांना तिची पाने चालत नाहीत. म्हणून शेजारी त्यांच्या खाद्यवनस्पतीही आवर्जून लावाव्यात.